कॅच सागरचा, मिठी माझी

हसणार असाल तर आधी तो चहाचा कप खाली ठेवा. असला गाढवपणा अख्ख्या दोहा शहरात दुसऱ्या कुणी केला नसेल!

आमच्या ऑफिसची बेसबॉलची टीम आहे. कोच रेमी, फिलिपिनो, अकाउंट्समध्ये माझ्याच शेजारी बसतो. मैदानात लांब उभं राहून उंच आलेले चेंडू पकडायला त्याला एक पोरगा हवा होता. मी म्हटलं, "आणतो!" आता बेसबॉलमधलं मला काय कळतं? ओ की ठो नाही! पण जीभ गप्प बसेल तर शपथ.

आणि सापडला की हो! अल मन्सूरा भागात आमच्या बिल्डिंगखाली ग्रोसरी आहे. तिथला डिलिव्हरीवाला सागर, कराडकडचा. एकदा लिफ्ट बंद, आणि बायको तिसऱ्या मजल्यावरून ओरडतेय, "अहो, लिंबं राहिली!" ह्या पठ्ठ्याने खालून पिशवी भिरकावली ती थेट तिच्या हातात! मी तिथेच ठरवलं, हाच आपला गडी.

रेमीने त्याला पळवून पाहिलं. पळणं हरणाचं, फेक तोफेची! पण ग्लोव्ह घातला फेकायच्याच हातात. दर वेळी तो काढायचा, काखेत धरायचा, मग चेंडू फेकायचा. रेमीने कपाळाला हात लावला. म्हणाला, "एक मॅच बघतो. जमलं तर टीममध्ये, नाहीतर खलास."

सागर मला म्हणाला, "काका, आठवड्याला एक शुक्रवार सुट्टीचा मिळतोय. त्यो बी रूमवर कापडं धुण्यात जातोय. एवढं जमलंच पायजे बघा."

रेमी त्याला दर शुक्रवारी नियम शिकवायचा. आणि मी? सावलीत बसून जगाला फोन करत होतो, "हिरा शोधलाय, हिरा!"

मॅच आली. शेवटचा डाव, बरोबरी, आणि समोरच्यांचा एक गडी शेवटच्या कोपऱ्यावर, पळून रन काढायला टपलेला. चेंडू उडाला आभाळात. सागर सुटला, सुटला, आणि माझ्या खुर्चीपाशीच सूर मारून त्याने झेल घेतला!

तो उठतोय तोवर मी मैदानात! मारली मिठी, दोन्ही हातांसकट.

"काका, सोडा!"

"सोडा? अरे, पेटीभर सोडा पाजतो तुला!"

"अवो, तसं न्हाई! हात सोडा!"

"हातात देतो रे राजा, थंडगार!"

तो सुटायला बघतोय, मी आणखी आवळतोय. सगळं मैदान बोंबलतंय. मला वाटलं, आपलाच जयजयकार! बघतो तर काय, समोरची टीम नाचतेय. मी वैतागून ओरडलो, "आउट झाल्यावर कसले नाचताय?"

रेमी लालबुंद होऊन धावत आला. "कॅच झाल्यावरही त्यांचा गडी पळू शकतो! तो पळाला, रन काढला, मॅच गेली! चेंडू लगेच फेकायचा असतो!"

"मग ह्याला शिकवायचं नाही का आधी?"

"ह्याला पहिल्याच दिवशी शिकवलंय! तो फेकतच होता!"

सागरचा चेहरा रडवेला झाला. मी हात जोडले, "रेमी, गाढव मी आहे. पोराला काढू नकोस."

"त्याला कोण काढतंय? असा झेल घेणारा पुन्हा कुठे मिळणार?"

तर सागर आता टीमचा पक्का गडी. मॅच सुरू व्हायच्या आधी मला मैदानाच्या जाळीबाहेर काढून गेटला कडी घालायचं काम रेमीने त्याच्याकडेच दिलंय. आणि पोरगं इतकं मन लावून करतं म्हणता, कडीवर स्वतःच्या खिशातलं कुलूपही लावतं!