भरिताच्या जाळाला दिलेली प्रार्थना

आठ दिवस मी ती प्रार्थना घडवत होते. आमच्या जळगावच्या ख्रिस्ती मंडळीची उपकारस्तुतीची सभा यंदा भडगावजवळ, गिरणाकाठच्या एका शेतात होती. आधी वांगी भाजायची, मग प्रार्थना, मग भरीत; आणि प्रार्थना माझ्याकडे. कवितेवर वाढलेली मी, एकेक शब्द जिभेवर ठेवून पाहिला, लय अडखळली तिथे ओळ मोडली. ‘किती सुंदर प्रार्थना करता हो तुम्ही!’ हे वाक्य दर वर्षी माझ्या वाट्याला येई. खरे सांगायचे तर मी देवापेक्षा त्या वाक्यासाठीच लिहीत होते.

शेतात पोहोचले आणि जीव हरखून गेला. हिरव्या वांग्यांचे ढीग दवाने चकाकत होते, कांद्याच्या पातीचा उग्र गंध हवेत होता. पण कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्याही दवाने भिजलेल्या. काडी लावावी, तर नुसता धूर.

“कागद शे का व कोनाकडे?” डोळे पुसत शेतमालकीण अक्कांनी विचारले.

सगळ्यांच्या हाती बायबल आणि गीतांची पुस्तके. माझा हात पर्सवर गेला आणि तिथेच थबकला. प्रार्थना पाठ नव्हती. सकाळपर्यंत मी ती बदलतच होते. मग एकदम प्रार्थनेच्या कागदाची घडी काढून मी पुढे केली.

“लिखेल दिसस. कामाना शे का?”

“होता,” मी म्हणाले. “घ्या, अक्का.”

कागद क्षणभर निळसर झाला, माझ्या ओळी आक्रसल्या आणि पऱ्हाट्या तडतडून पेटल्या. त्या ज्वाळेबरोबर माझ्या आतही काहीतरी उसळून वर आले. भीती म्हणावी, तर इतकी गोड कशी?

वांगी भाजून झाली. मी उभी राहिले. सवयीने पर्स चाचपत राहिले; कागद तर जाळात गेलेला.

“देवले बी भूक लागनी व माय, आवर!” अक्का म्हणाल्या.

सगळे हसले, मीही हसले, आणि त्या हसण्यातूनच बोलून गेले, “प्रभू, मला वाहवा लागते, तुझ्याहूनही जास्त. ती काढून घे. या वांग्यांसाठी, या हातांसाठी तुझे उपकार. आमेन.”

अक्कांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर धुरकट, तिखट भरीत वाढले. बोटे पोळत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि मी अधाशासारखी जेवत होते. ‘किती सुंदर प्रार्थना’ हे वाक्य आज कोणीच म्हणाले नाही, हे मला दुसऱ्यांदा वाढून घेताना आठवले.