आतला गारवा

आमच्या साडूंइतका लग्नकार्यात धसका घ्यावा असा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. निवृत्त विज्ञान शिक्षक, स्वभावानं देवमाणूस. पण खिशात पेनाच्या जागी तापमापक. कुणाकडंही गेले की पाण्याच्या तांब्याला हात लावण्याआधी सावलीतला खिळा शोधून तो टांगायचे. एका दशक्रियेला पत्र्याच्या शेडकडं बघत ते नुसतंच "बेचाळीस" म्हणाले. बायकांना वाटलं, गेलेल्याचं वय सांगताहेत, आणि दोघीतिघी नव्यानं रडल्या. रस्त्यात कुणी इंजिन चालू ठेवून गाडीत बसलेला दिसला, की काचेवर टकटक ठरलेली. मला सांगायचे, "पाहुणे, कोळसा जाळून वीज करायची, विजेनं खोली गार करायची आणि धूर सोडायचा वर. तापानं फणफणलेल्यावर रोज एक गोधडी टाकतोय आपण." मी नागापूरच्या कारखान्यात सुपरवायझर, घरात दोन एसी. मी हसून चहा मागवायचो.

माझ्या थोरलीचं लग्न राहात्याला ठरलं, तेही मे महिन्यातल्या भर दुपारच्या मुहूर्तावर. कार्यालय एसीचं, आणि वीज गेलीच तर म्हणून दांडगा जनरेटर. लग्न दिवाळीनंतर करा, निदान मुहूर्त सकाळचा घ्या, म्हणून साडू दोनदा घरी येऊन गेले. आता हे व्याह्यांपुढं तापमापक काढणार, या धास्तीनं मी त्यांना स्वयंपाकावर देखरेखीला नेमलं. तुमच्याइतकं विश्वासाचं दुसरं कोण, असंही वर म्हणालो. त्यांना तो मान वाटला. नवं उपरणं घेऊन ते पहाटेच हजर झाले.

आत इतकं गार होतं की नवरदेवाच्या चुलत्यांनी आहेराची शाल तिथंच पांघरली. त्या सगळ्या एसींची गरम हवा आणि वीज गेल्यावर सुरू झालेल्या जनरेटरचा धूर मात्र मागच्या पत्र्याखाली, पुऱ्या लाटणाऱ्या बायांच्या तोंडावर जात होता. साडू एकदा आत आले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पाहुणे, मागं बायांना सोसवेना. निम्मे एसी बंद करा." मंगलाष्टकं चालू होती. नंतर बघू, म्हणालो. ते परत मागं गेले.

फोटोसाठी त्यांना शोधू लागलो तेव्हा आचाऱ्याकडून कळलं, की लाटता लाटताच एक बाई चक्कर येऊन पडली आणि साडू आपलं उपरणं ओलं करून तिच्या अंगावर टाकून तिला टेम्पोतून दवाखान्यात घेऊन गेले. तोवर पंगती उठल्या होत्या, आणि जो तो माझा हात हातात घेऊन कार्यालयाची तारीफ करत होता.

मुलीची पाठवणी करून संध्याकाळी दवाखान्यात गेलो. बाई उठून बसली होती. पाथर्डीकडची, ऊसतोड संपल्यावर स्वयंपाकाच्या कामाला आलेली. हे मुलीचे वडील, असं साडूंनी सांगताच सलाइन लावलेल्या हातानंच तिनं पदर सावरला.

"पोरगी नीट गेली ना सासरी?" तिनं विचारलं. मी मान हलवली.

"आत लई गार हुतं म्हनं?"

आवाजात तक्रार नव्हती. न पाहिलेल्या जत्रेबद्दल विचारावं, तसं तिनं विचारलं. साडूंनी आपलं उपरणं झटकून खिडकीच्या गजावर वाळत टाकलं. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं. मी नुसतं "हो" म्हणालो.

मग साडूंनी तिथलं एकुलतं एक स्टूल माझ्याकडं सरकवलं, आणि दिवसभर उभा असलेला तो माणूस पुन्हा भिंतीला टेकून उभा राहिला.