मोठ्या भाऊची चटणी

ती चटणी माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, कारण कारंजा गावात आमच्या गल्लीत विचाराल तर वेगळंच ऐकाल.

कापसाच्या जिनिंगचा गोरा साहेब बदलून गेला, तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या रिकाम्या बाटल्यांचं खोकं मी घेतलं. त्यात एक भरलेली निघाली. साहेबाचा खानसामा तिला केचप म्हणायचा. मी बोट बुडवून चाटलं आणि तिथंच ओळखलं, ही भेदरांची, म्हणजे टमाट्यांची करामत. कृती सांगायला त्यानं दोन शेर तूरडाळ मागितली. मी त्याला एका शेरावर आणला.

घरी मोठ्या भावानं बाटली पाहून नाक दाबलं. "रगतावानी दिसते. हे चुलीपाशी नेशीन तं मी जेवनार नाही." भेदरं खाल्ली म्हणजे माणूस अर्धा बाटला, असं तेव्हा आमच्याकडे समजत. म्हणून मी गोठ्यामागे तीन दगड मांडले, परसातली भेदरं उकडली, गाळली, गूळ, सिरका, तिखट घालून आटवली. हात पोळले. मदतीला फक्त बायको. केचप हे नाव तिच्या तोंडी बसेना. ती लाल चटणी म्हणायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं ती भज्यांबरोबर वाढली. शेजारची म्हातारी म्हणाली, "काय गोड लागते वं माय! कोनं केली?"

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. तिनं नुसता दाराकडे हात केला. मी अंगणात होतो. पण नेमका दारात येऊन उभा राहिला माझा भाऊ, तिचा भासरा. त्याला पाहताच तिनं पदर ओढला आणि गप्प झाली. भासऱ्यासमोर बोलायचं नाही, हाही रिवाजच.

झालं! दुसऱ्या दिवसापासून वाट्या येऊ लागल्या. "मोठ्या भाऊची चटनी द्या जराशीक." आणि हा गृहस्थ ओसरीवर बसून मान डोलवायचा!

"दादा, सांग ना त्याईले, कोनाची हाय ते!"

"अरे, घर एक, चूल एक. तुही काय अन् माही काय?"

चूल एक? मग मला गोठ्यामागे कोणी बसवलं होतं?

पुढच्या माघात पुतणीचं लग्न निघालं. व्याह्यांनी पंगतीत तीच चटणी मागितली, तेव्हा दादा माझ्याकडे आला. मी माझा भाव सांगितला: पंगतीपुढे उभं राहून म्हणायचं, ही धाकट्यानं केली. तो घासाघीस करू लागला. पंगतीत नको, व्याह्याच्या कानात सांगतो. मी एक शब्द कमी केला नाही. शेवटी कबूल झाला.

दोन दिवस मी जाळापुढे होतो. पंगत बसली. दादा उभा राहिला, खाकरला. "मंडळी, हे चटनी आमच्या लहान्यानं केली..." माझा ऊर भरून आला. "...म्या सांगतली तशी."

वाढप्याच्या हातची बादली मी हिसकली आणि थेट उकिरड्यावर पालथी केली. बादली हातात घेऊन परत आलो, तर बायको आयुष्यात पहिल्यांदा भासऱ्यासमोर बोलत होती. "यायनंच केली जी! तुमी तं नाक दाबलं होतं!"

पण ऐकतंय कोण? सगळी पंगत त्या रिकाम्या बादलीकडे पाहत होती. गल्लीत आजही सांगतात, मोठ्या भाऊची चटणी धाकट्यानं उकिरड्यावर ओतली.