इंदोरचा एको

निरंजन जर्मनीला निघाला तेव्हा आपलं मांजर बुऱ्हाणपूरला थोरल्या बहिणीकडे ठेवून गेला. ज्योत्स्ना शनवारा वेशीजवळच्या शाळेत गणित शिकवायची. वय सत्तेचाळीस, लग्न केलं नव्हतं, आई लवकर गेलेली. वडील, म्हणजे नाना, वारल्यापासून घरात ती एकटीच होती. "तेवढीच तुला सोबत, ताई," असं म्हणत त्याने पिंजरा ओट्यावर टेकवला. तिला हवं का, हे विचारलं नाही.

मांजराचं नाव लिओ, मेन कून या धिप्पाड परदेशी जातीचा. सव्वा वर्षाचा होता, तरी गल्लीतल्या कुठल्याही बोक्याच्या दुप्पट. शेजारची रंभाबाई त्याला बघून दोन पावलं मागेच सरकली. "ज्योत्स्ना, हे मांजर आहे का वाघाचं पिल्लू?"

इतर मांजरं वर्षभरात भरतात, ही जात तीन-चार वर्षं वाढतच राहते, असं निरंजनने समजावलं होतं. म्हणून दर रविवारी वजन कळवायचं. ज्योत्स्ना त्याला उचलून काट्यावर उभी राहायची आणि मग स्वतःचं वजन वजा करायची. आकडा वाढला की निरंजन खूश. अडला की प्रश्नांची सरबत्ती. खातो का? मागचा पाय ओढतो का? या जातीला खुब्याचा त्रास असतो, नीट लक्ष ठेव. नाना होते तेव्हा हाच मुलगा पुण्यात होता. गाडीत बसला की दुसऱ्या दिवशी दारात, एवढंच अंतर. तरी त्याचा फोन यायचा पंधरा दिवसांतून एकदा, तोही "सगळं ठीक ना?" विचारण्यापुरता.

दुसऱ्या उन्हाळ्यात एके दुपारी लिओ कपाटावरून खाली उतरला आणि तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखा धापा टाकायला लागला. कूलर तर चालू होता. मग तो झोपला, पण झोपेतही त्याचं पोट भराभर हलत होतं. ज्योत्स्नाने घड्याळ धरून मोजलं. मिनिटाला पंचेचाळीस श्वास.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं. "मॅडम, मी गाई-बकऱ्यांचा माणूस. पण याच्या ठोक्यात गडबड वाटते. हृदयाचा एको पाहिजे, आणि तो इंदोरलाच होईल."

तिने घरी येऊन निरंजनला फोन लावला. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, "ताई, थांबू नको. उद्या सकाळीच गाडी कर. हृदयाचं प्रकरण आहे, यात वाट बघायची नसते."

ज्योत्स्नाने "बरं" म्हणून फोन ठेवला. चार वर्षांपूर्वी ह्याच अंगणातून तिने त्याला फोन केला होता. "नाना दोन पायऱ्या चढले की थांबतात रे. डॉक्टर म्हणतात इंदोरला नेऊन एको करा." तेव्हा तो म्हणाला होता, "अठ्ठ्याहत्तर वय आहे, ताई. दम लागणारच. उगीच धावपळ नको. पुढच्या महिन्यात मी येतो, मग बघू." पुढचा महिना लागायच्या आधीच नाना दाढी करता करता खुर्चीत कलंडले.

गाडी तर तीही करू शकत होती. पगार तिचा होता, नानाही तिच्याजवळच होते. पण घरातली मोठी गोष्ट मुलाला विचारून करायची, ह्या सवयीने ती थांबली. नाना गेल्याचा राग निरंजनवर काढावा तर निम्मा उलटून तिच्याच अंगावर यायचा.

सकाळी ती लिओला घेऊन निघाली. असीरगड, खंडवा, मग घाट. पाच तास तो पिंजऱ्यात धापा टाकत होता. इंदोरच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं, हृदयाची भिंत जाड झालेली. "हा ह्या जातीतला रक्ताचा दोष. अंगाने धिप्पाड दिसतात, म्हणून लोकांना उशिरा कळतं. खुबाही सैल आहे, तेव्हा वजनाच्या मागे लागू नका, सावकाश वाढू द्या. गोळ्या रोज. बरा होणार नाही. काही वर्षं काढेल, नाहीतर एक दिवस रक्ताची गाठ होऊन मागचे पाय जातील."

बाहेरच्या बाकावर बसून तिने निरंजनला सगळं सांगितलं. तो फोनवर रडायला लागला. नाना गेले तेव्हा, अगदी तेराव्यापर्यंतही, तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"निरंजन, नानांना असंच आणलं असतं तर?"

तो म्हणाला, "हे काय मधेच काढलंस? मांजराशी बरोबरी करतेस नानांची?"

"मी नाही केली."

त्याने फोन ठेवला.

रविवारी वजनाची विचारणा आलीच नाही. दिवाळीपर्यंत फोन महिन्यावर गेले. आजारी मांजर विमानाने कसं न्यायचं, असं म्हणून तो एकदा बोललाही, "तुझी सवय झालीय त्याला. राहू दे तुझ्याकडेच." गल्लीत मात्र त्याचं नाव निघालं की रंभाबाई म्हणायची, "मांजरासाठी इंदोर गाठायला लावलं! केवढं मन पोराचं!" ज्योत्स्ना ऐकून आत निघून जायची. सकाळ-संध्याकाळ जबडा उघडून गोळी घालायची. कधी त्या मांजराचा संताप यायचा, कधी ते मांडीवर येऊन पसरलं की पाय बधिर होईतो ती हलायची नाही.

जानेवारीत एका सकाळी लिओ किंचाळला. मागचे दोन्ही पाय लुळे, बर्फासारखे थंड. तिने त्याला चादरीत गुंडाळलं आणि रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले. "इंदोरला न्या म्हणेन, पण पाच तास असाच ओरडत जाईल. आणि तिथेही फार काही होईल असं नाही. भावाला विचारून घेता का?"

"नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "सुई द्या. सुटू दे त्याला."

त्याचं डोकं तिने शेवटपर्यंत तळहातावर धरलं होतं.

निरंजनला तिने चार दिवसांनी कळवलं. तो भडकला. "ताई, माझं मांजर होतं ते! मला एक फोन तरी करायचास. निदान विचारायचं तरी!"

"विचारत बसले असते तर तो तसाच ओरडत राहिला असता," ती म्हणाली.

त्यानंतर दोघांचं बोलणं जवळजवळ बंद झालं. ज्योत्स्नाने पुढच्या सुट्टीत कुणालाही न विचारता इंदोर गाठून स्वतःच्या हृदयाचा एको करून घेतला. तो चांगला निघाला. तिला त्याचा आनंद झाला नाही; जो करायला हवा होता, तो नानांचा राहून गेला होता.