समुद्रातली पंगत

"बसा! बसा म्हनतो ना! कोनी उठू नका, भात येऊन राह्यला!"

मोठेबाबा ओरडताहेत. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते ओरडताहेत हे एव्हाना अख्ख्या वारासिवनीला कळलं असेल, कारण त्यांनी मांडवातून हाक दिली की बसस्टँडावर लांजीच्या गाडीत चढणारा माणूससुद्धा दचकून पायरीवरच बसतो. माझ्यासमोर पळसाची पत्रावळ आहे, नुकतीच पाणी शिंपडून पुसलेली. तिच्यावर वांग्याची भाजी, बुंदी आणि वरणाची पिवळी नदी अडवून धरणारा चिन्नोरच्या भाताचा बांध. ओल्या पानावर वाफाळता चिन्नोर पडला की जो वास उठतो, त्याला आमच्याकडे नाव नाही. नाव द्यायला तोंड रिकामं लागतं. तो वास नाकात शिरला आणि मी बसल्या जागेवरून थेट समुद्रात पडलो. पळसाच्या पानाचा आणि समुद्राचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं असतं. पण ज्या भातानं आज ही पंगत बसवली, तो समुद्रातच शिजला होता, आणि त्याला कसलाही वास नव्हता.

लग्न आहे माझ्या काकांच्या, म्हणजे मोठेबाबांच्या धाकट्या भावाच्या मुलीचं. मोठेबाबा तिच्या लग्नात भातासाठी ओरडताहेत ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. कारण याच माणसानं सगळ्या नात्यागोत्यासमोर सांगितलं होतं, "अक्षता टाकीन, आशीर्वाद देईन, पन त्याच्या पंगतीले बसनार नाही."

आमच्या घराण्यात कायदे फार थोडे. पण पंगतीचा कायदा असा कडक की त्यापुढे बालाघाटचं कोर्ट म्हणजे जत्रेतला पाळणा. पानावर वाढलं गेलं की उठायचं नाही. पंगतीतला सर्वांत वडील माणूस "चला, उठा" म्हणाला की मगच उठायचं. आणि त्या वडील माणसानंही शेवटच्या पोराचा शेवटचा घास गिळून झाल्याशिवाय ते शब्द उच्चारायचे नाहीत. आजोबांच्या काळी एका जावयाच्या धोतरात विंचू शिरला, तरी तो आजोबांची परवानगी येईपर्यंत ताक भुरकत बसला होता म्हणतात. विंचवानंही वाट पाहिली, असं मी त्यात स्वतःच्या पदरचं घालतो.

आणि बरीच वर्षं झाली, मोठेबाबांच्या थोरल्या लेकीच्या लग्नात काकांनी हा कायदा मोडला. पहिली पंगत रंगात आलेली, मोठेबाबांच्या डाव्या हाताला काका, आणि काका अर्ध्या पानावरून उठले. कोणाला काही न बोलता मांडवाच्या मागून जे निघून गेले, ते दुसरी पंगत बसेपर्यंत दिसलेच नाहीत. ती पंगतही त्या दिवशी उशिरा बसली. लाकडं ओली होती, असं आचारी म्हणत होता. मोठेबाबा त्या अर्ध्या पानाकडे बघत राहिले. सख्खा भाऊ आपल्या दारच्या अन्नावरून उठला! शत्रूच्या तेराव्याला गेलेला माणूसही असं करत नाही. तेव्हापासून बोलणं बंद. काकांनी खुलासा केला नाही. तसंही काकांच्या तोंडून वाक्य काढायचं म्हणजे तिरोडीच्या खाणीतलं मँगनीज नखानं खरवडण्यासारखं. मग घरातल्या प्रत्येक कार्यात दोन पंगती बसू लागल्या, एकीत मोठेबाबा, दुसरीत काका. माझे वडील मधले, ते आधीच गेलेले. त्यामुळे दोन्हीकडे नाक राखायला मला दोनदा जेवावं लागे. माझ्या पोटाचा हा घेर तुम्ही पाहता, तो खादाडपणाचा नाही, कर्तव्याचा आहे.

काकांची मुलगी मात्र मोठेबाबांच्या खांद्यावर वाढलेली. ती हॉटेलचं शिक्षण घेऊन मुंबईहून निघणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर कामाला लागली. लग्न ठरल्यावर तिनं घरी फोन करून एकच वाक्य सांगितलं होतं, "दोघं एका पंगतीले नाही बसले, तं मी बोहल्यावर नाही बसत." बापासारखीच कमी बोलते, पण बापासारखी उठून जात नाही. त्यानंतर तिनं मला जहाजाची तिकिटं पाठवली: मोठेबाबांना घेऊन या दादा, मरायच्या आधी समुद्र पाहतो म्हणतात ना. तिचे वडील येणार का, हा मोठेबाबांचा पहिला प्रश्न. ती म्हणाली, बाबा तर वैनगंगेच्या पुलावरही डोळे मिटून घेतात. हे खरंच होतं, म्हणून मोठेबाबा निघाले, आणि मीही भोळेपणानं त्यांची पिशवी उचलली.

जहाज पाहून माझा आ वासला तो कोचीपर्यंत मिटला नाही. आमची वारासिवनी, तिच्या सगळ्या राइस मिलांसकट, त्यात मावली असती, आणि शेजारच्या कटंगीवाल्यांना वरचे दोन मजले भाड्यानं देता आले असते. पहिल्या रात्री जेवणाला प्रत्येकाचं टेबल ठरलेलं होतं, त्यामुळे काही घडलं नाही. सकाळच्या नाश्त्याला आणि दुपारच्या जेवणाला मात्र तिथला रिवाज निराळा. आपली जागा अशी नाहीच. दारात एक बाई उभी असते, ती नेईल तिथं, ती बसवेल त्या अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात काळा कोट घालून, केसांचा घट्ट अंबाडा बांधून उभी होती ती आमची बहीण.

"गुड मॉर्निंग सर, या," ती मोठेबाबांना म्हणाली. ज्यांच्या खांद्यावर बसून हिनं पोळ्याचे बैल पाहिले, त्यांना सर! मोठेबाबांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पण आतला देखावा त्याहून भयंकर होता. शेकडो माणसं जेवताहेत, आणि कोणी कोणाची वाट पाहत नाही. एक येतो, एक उठतो, एकाच्या उष्ट्या बशीशेजारी दुसरा ताजा घास घेतो. मोठेबाबा माझा दंड धरून म्हणाले, "अबे, हे पंगत हाय का भगदड?"

बहिणीनं आम्हाला खिडकीशी एका गोल टेबलावर नेलं. तिथं एक नवं लग्न झालेलं जोडपं बसलं होतं आणि मोठी गवती हॅट घातलेला एक गृहस्थ खिडकीबाहेर तोंड करून डोळे मिटून बसला होता. मोठेबाबांसमोर रुमालाचा घडी घालून केलेला हंस होता, त्याची मान कुठून सुरू होते हे ते शोधत राहिले, आणि तेवढ्यात वेटरनं सगळ्यांपुढे गरम पोह्यांच्या बश्या ठेवल्या. पोह्यांच्या वासानं हॅटवाल्यानं डोळे उघडून मान वळवली. हॅटखाली काका होते.

मला वाटलं जहाज खडकावर आपटलं. आपटलं नव्हतं, माझ्या हातातला चमचा पडला होता. मी बहिणीकडे पाहिलं; ती दारात उभी राहून दुसऱ्या कुणाला गुड मॉर्निंग म्हणत होती, आणि एवढ्या लांबून मला तिच्या अंबाड्यातला गनिमी कावा दिसला. पानावर वाढलं गेलं होतं. आता दोघांपैकी कोणालाही उठता येणार नव्हतं.

दोघं जेवले. मान खाली. मधेच ते जोडपं हसत हसत उठून गेलं, तेव्हा चालत्या पंगतीतून उठणाऱ्या त्या दोन जीवांकडे दोघा भावांनी एकाच वेळी, एकाच नजरेनं पाहिलं आणि दचकून पुन्हा बशीत पाहिलं. पोहे संपले. इथून खरा पेच. वडील माणसानं "चला, उठा" म्हणायचं. पण म्हणायचं तर काकांशी बोलावं लागणार, आणि मोठेबाबा बोलणार नव्हते. काकांनी आपणहून उठावं, तर एकदा तसं उठण्याची शिक्षा ते इतकी वर्षं भोगत होते. पुन्हा तोच गुन्हा? बुडाले तरी बेहत्तर, पण उठणार नाहीत. त्यामुळे दोघं बसून राहिले, आणि दोघांच्या मधे मी.

मी चहा पीत राहिलो. इतका प्यालो की आसामात त्या वर्षी चहाची टंचाई झाली असेल. समोरच्या खुर्च्यांवर माणसं येत होती, जात होती; अंडी, फळं, पाव, पुन्हा नवी माणसं. हळूहळू दालन रिकामं झालं. वेटरांनी आमच्या हाताखालून चादर ओढून घेतली, नवी अंथरली, नवे हंस मांडले. एका वेटरनं अदबीनं विचारलं, साहेबांना काही त्रास होतोय का? मी म्हटलं, "नाही, घरचाच मामला आहे." आणि आमच्या भोवती दुपारच्या जेवणाची गर्दी सुरू झाली.

मग भात आला. आमच्या मुलखातल्या माणसाला तो भात म्हणणं जड जाईल: पांढऱ्या बशीच्या मधोमध वाटीनं पाडलेला एक मुटका आणि त्याच्या डोक्यावर पुदिन्याचं पान. अख्ख्या टेबलाला एक. काकांनी बशी उचलली आणि मोठेबाबांपुढे सरकवली. मोठेबाबा त्या मुटक्याकडे बघत राहिले. त्यांनी पुदिना काढून बाजूला ठेवला, चमच्यानं बरोबर मधून चीर दिली आणि अर्धा भात काकांच्या पानात वाढला, अर्धा आपल्या. बशी रिकामी झाली. काका तिच्याकडे पाहत होते. मला वाटतं ते खुर्चीत किंचित हलले, सवयीनं असेल. आणि मोठेबाबांच्या तोंडून, किती वर्षांनी कोण जाणे, आधी दटावल्यासारखे आणि शेवटी फाटून गेलेले शब्द बाहेर पडले:

"बस. उठू नको. भात येऊन राह्यला."

काकांना ठसका लागला. असा लागला की डोळ्यांतून पाणी, हंसाची घडी मोडून तोंडावर रुमाल, खांदे गदागदा. मला वाटलं घास अडकला. मोठेबाबा त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होते, "हळू खा बे, हळू," आणि दारातल्या काळ्या कोटानं आमच्याकडे पाठ फिरवली होती. भात आला. पुन्हा आला, पुन्हा आला. जहाजावरचा तांदूळ संपला म्हणून कप्तानानं गोव्याकडे वळण घेतलं, असं मी सांगतो, आणि लोक विश्वास ठेवत नाहीत. मग मोठेबाबांनी दोघांच्याही पानांकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "चला, उठा." आम्ही उठलो. माझे पाय बधिर झाले होते, ते मला बहिणीच्या लग्नापर्यंत नीट सापडले नाहीत.

आता इथंही पंगती उठत चालल्या आहेत. हातात ताटली घेऊन उभ्यानं जेवायचं, कोण आलं, कोण उठलं, कोणाला पत्ता नाही. ते जहाज आमच्या गावापर्यंत केव्हा आलं, कळलंच नाही. त्यात वाईट काही नसेलही. रुसवे होत नसतील, कारण रुसायला आधी कोणाची तरी वाट पाहावी लागते. पण आजच्या या एका मांडवात लोक मांडी घालून बसले आहेत, मोठेबाबा पंगतीच्या टोकावरून ओरडताहेत, त्यांच्या डाव्या हाताला काका आणि काकांच्या शेजारी मी. या खेपेला मी एकदाच जेवणार आहे.

भाताची पाटी दुसऱ्यांदा आली. काकांच्या पानात वाढलं गेलं, वास उठला, आणि मला राहवलं नाही. मोठेबाबा पलीकडे कोणावर तरी गरजत होते, ती संधी साधून मी हळूच विचारलं, "काका, त्या दिवशी मोठेबाबांच्या पंगतीतून काहून उठलते तुम्ही?"

काकांनी भातात वरणासाठी बोटानं आळं केलं.

"आचाऱ्याकडचा भात संपलता," ते म्हणाले. "तांदूळ आनाले गेलतो. जेव तू."