गॅलरीतली खुर्ची

आमच्या नाशिक रोडच्या सोसायटीत एक बिल्डिंग इंजिनिअर राहतात. गप्पा मारतानाही त्यांची बोटं भिंतीवर टकटक करत असतात, कलिंगड निवडावं तशी. "भिंत बोलते हो, ऐकायला कान पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हल्ली मात्र टकटक झाली की ते फोटो काढतात आणि मोबाइलमधल्या एआयला विचारतात. त्यांना हसणारा मी कोण? लाइट गेली की शेजारच्यांची गेलीय का ते बघूनच मी अंधारावर विश्वास ठेवतो.

परवा आमच्या गॅलरीच्या छताला तडा दिसला, म्हणून त्यांना बोलावलं. त्यांनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं, कान दिला आणि कपाळाला आठी घातली.

"आतून स्लॅबच पोकळ वाटतोय," ते पुटपुटले. मग फोटो काढला, उत्तर वाचलं. "नाही, नुसतं प्लास्टर सुटलंय म्हणतोय. काळजी नको."

"तो म्हणतोय ते कळलं. तुम्ही काय म्हणता, भाऊजी?" बायकोने विचारलं.

"पूर्वी लगेच सांगितलं असतं, वहिनी. आता तो एवढं म्हणतोय म्हणजे..."

चहा न घेताच ते निघाले. पण जाता जाता, बायको रोज जिच्यावर बसून मटार सोलते ती गॅलरीतली खुर्ची त्यांनी उचलली आणि आत आणून ठेवली.

तेव्हापासून ती खुर्ची आम्ही बाहेर नेलेली नाही. छताला कान देणारा दुसरा कोणीतरी शोधायला हवा. असा माणूस कुठे मिळेल, हे काल मी मोबाइललाच विचारलं.