जंगलाच्या वाट्याचा कान

"एक कान आपला, एक कान जंगलाचा."

लटारू ढोरकी हे म्हणायचा तेव्हा त्याचा हात आपसूक उजव्या कानाशी जायचा. डावा आपला, उजवा जंगलाचा, ही वाटणी त्याने मिसरूड फुटायच्या आधीच करून टाकली होती. डाव्या कानाने गाणं ऐकायचं, उजव्याने रान.

जंगलाला लागून असलेल्या गावची सारी ढोरं तो चारायला न्यायचा. दर गायीच्या गळ्यातली लाकडी घंटी त्याने स्वतः कोरलेली, आणि दोन घंट्यांचा आवाज कधी एक नसायचा. झुडपांत गाय दिसेनाशी झाली तरी ती कुठे चरते आहे हे घंटीच सांगायची. आणि साऱ्या घंट्या एकदम थांबल्या, तर समजायचं की ढोरं श्वास धरून उभी आहेत आणि वाघ जवळ आहे. ढोरक्याची खरी विद्या आवाज ऐकण्यात नाही, आवाज थांबलेला ऐकण्यात आहे, हे त्याच्याकडूनच फारूकला कळलं होतं.

फारूकचं सिंदेवाहीच्या बस स्टँडजवळ रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. लटारूच्या गळ्यातला ट्रान्झिस्टर त्यानेच अनेकदा उघडला होता, त्यातल्या मुंग्या झटकल्या होत्या, वादी बदलली होती. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, बाजाराच्या दिवशी, लटारू तो ट्रान्झिस्टर फडक्यात बांधून घेऊन आला. फारूकने आत पाहिलं आणि मान हलवली.

"लटारूभाऊ, याचा जीव गेला. याचे पार्टच येत नाईत आता."

"मंग मी मुक्यानं हिंडू का रानात?"

"मुक्यानं काऊन? नवीन निघाले ना. कॅसेट नको, स्टेशन लावणं नको. शंभर गाणी पोटात घेऊन बसते हे." फारूकने कपाटातून एमपीथ्रीचे तीन डबे काढले. नागपूरहून आणलेल्या त्या यंत्रांत त्याने दंडारीची, म्हणजे त्या भागातल्या लोकनाट्याची, गाणी जुन्या कॅसेटवरून उतरवून ठेवली होती.

लटारू बाकावर बसला. चेहरा ओढलेला होता. त्याच पंधरवड्यात गावातल्या नानाजींची चांदी नावाची गाय वाघाने नेली होती.

"घंटी ऐकू येत होती रे मले," तो म्हणाला. "साफ ऐकू येत होती. मी तिकडंच धावलो, अन् मारलेली गाय भेटली दुसऱ्या अंगाले. चकवा लागला. तीस वर्षांत पहिल्यांदा लागला मले चकवा."

रानात चकवा माणसाची वाट फिरवतो, हे त्या मुलखात लेकरालाही ठाऊक. गावाने त्या जागी नारळ फोडला आणि कोणी लटारूला बोल लावला नाही.

फारूकने पहिलं यंत्र पुढे केलं. "याले पडदा हाय, गाण्याचं नाव दिसते. पण बॅटरी कम्प्युटरवर भरा लागते."

"कम्प्युटर कोण्या गायीच्या पाठीवर बांधू?" म्हणत लटारूने इअरफोनची एक बोंडी डाव्या कानात घातली. दुसरी गळ्यावर लोंबू दिली, जंगलाच्या कानात काही घालायचं नाही म्हणून. थोडा वेळ ऐकून त्याने ती काढली. "बारीक आवाज. नाई जमत."

दुसऱ्याला बटनंच नव्हती, नुसतं बोट घासायचं. लटारूचं बोट कुऱ्हाडीच्या दांड्याने घट्टे पडलेलं. त्याने घासलं, पुन्हा घासलं, यंत्र ढिम्म. "माह्या बोटाले ओळखतच नाई हे." फारूकने लावून दिलं, लटारूने पुन्हा डाव्याच कानाने ऐकलं. "हेही मुकंच. तुह्या दुकानात सारेच मुके भेटले का रे?"

तिसरं दिसायला गबाळं, जाडजूड. "पण हे घ्या तुम्ही," फारूक म्हणाला. "पेन्सिल सेलवर चालते, सेल कुठीही भेटते. बटनं मोठी, न पाहता हाताले समजतात. अन् बंद केलं तं जिथं थांबलं तिथूनच पुढं गाते."

"हे बैलासारखं हाय. हे आपलं." लटारूने बोंडी डाव्या कानात घातली, आणि त्याचा चेहरा पडला.

फारूकने ती स्वतःच्या कानाला लावून पाहिली. ढोलकी कडकडत होती. तो हसत हसत पुढे वाकला आणि त्याने बोंडी लटारूच्या उजव्या कानात घातली.

लटारू दचकला. मग त्याचे डोळे हसले. मग ते हसू जागच्या जागी थिजलं.

त्याने बोंडी काढून डाव्या कानात घातली. पुन्हा उजव्या. पुन्हा डाव्या. मागच्या पावसाळ्यात लटारूचा डावा कान फुटून वाहत होता, त्याने गरम तेल टाकून तो दाबला होता, हे फारूकला आठवलं. ट्रान्झिस्टर छातीवर वाजायचा, कोणता कान ऐकतो हे कोणी कधी विचारलंच नव्हतं.

लटारूने पिशवीतून एक लाकडी घंटी काढली. वादीवर काळे डाग वाळले होते. "चांदीची. मी डोळे मिटतो. कुठूनही वाजव."

फारूक उठून त्याच्या डाव्या अंगाला गेला आणि घंटी हलवली. टक, टक. लटारूने डोळे मिटूनच हात उचलला आणि उजवीकडे दाखवला, थेट रस्त्याकडे. डोळे उघडले, तर फारूक घंटी धरून डावीकडे उभा.

लटारूने घंटी त्याच्या हातातून परत घेतली.

"चकवा नव्हता मंग," लटारू म्हणाला.

फारूकने डाग द्यायच्या कावियाची तार जोडली. हाताला काम हवं होतं. बोंड्यांची वायर सोलून, मध्ये दोन बारीक रेझिस्टर घालून, त्याने दोन्ही बाजूंचे आवाज एका बोंडीत आणले. दुसरी कापून टाकली. "घाला उजव्या कानात. आधी अर्धंच ऐकत होते तुम्ही. एका बाजूले ढोलकी होती, दुसऱ्या बाजूले गळा."

लटारूने ऐकलं. पूर्ण गाणं होतं. त्याने बोंडी काढून हातात धरली.

"आता जंगलाच्याई तारा जोडून दे."

फारूकने काविया बाजूला ठेवला.

"पाडव्याले, गायगोधनाले ये गावात," जाताना लटारू म्हणाला. "तोवर तोंड बंद ठेव."

घरी फारूकच्या बायकोने, खैरुनने, हे ऐकलं आणि हातातलं काम थांबवलं. "अन् तो रोज ढोरं घेऊन जाते ना अजून? तुम्ही सांगा नानाजींले. गाय गेली, उद्या माणूस जाईल."

"तो सांगन तं मान राहील. मी सांगन तं चुगली होईल."

"अन् नाईच सांगितलं त्यानं तं?"

लक्ष्मीपूजनापर्यंतचे दिवस फारूकने रानातून येणाऱ्या माणसांना खबर विचारण्यात काढले.

गायगोधनाच्या सकाळी तो गावात पोचला तेव्हा ढोरं जमतात तो आखर माणसांनी भरला होता. गायींची शिंगं गेरूने लाल, गळ्यात झेंडूच्या माळा, डफडं वाजत होतं. वर्षातला हा एक दिवस ढोरक्याचा. गाव त्याला ओवाळतं, दुपट्टा देतं. नानाजी नवा दुपट्टा घेऊन पुढे आले, पण लटारूने मान वाकवली नाही.

"नानाजी, तुमची चांदी चकव्यानं नाई गेली. माह्या कानानं गेली. डावा कान मेला माहा. आवाज येते, पण कुठून येते ते कळत नाई."

डफडं थांबलं. मागून कोणीतरी म्हणालं, "लटारूभाऊ, सकाळीच ढोसून आला का बे?" एकदोघे हसले, आणि त्याचा चेहरा पाहून गप्प झाले.

लटारूने हातातली काठी पुतण्यासमोर, हेमराजसमोर धरली. हेमराज काही वर्षं त्याच्यासोबत रानात हिंडलेला, दोन लेकरांचा बाप. त्याचा हात पुढे येईना.

"घे. माह्यासारखं म्हणू नको, एक कान आपला म्हणून. रानात दोन्ही कान जंगलाचेच. आपला तिथी एकही नसते."

हेमराजने काठी घेतली आणि काकाच्या पाया पडला. नानाजींनी दुपट्टा लटारूच्याच खांद्यावर टाकला. मग ढोरं हलली. घंट्या एकेक करून वाजू लागल्या, आणि लटारू त्यांच्या मागे गेला नाही.

तो उलट्या दिशेला, तलावाच्या पाळीवरून घराकडे निघाला. दोन्ही बाजूंना धान पिकून वाकलं होतं. गबाळं यंत्र खिशात होतं, एका बोंडीची वायर छातीवर हलत होती. फारूकला वाटलं, आता घालील, आता कानात घालील. त्याने घातली नाही. चालता चालता तो मान थोडी वळवत होता, उजवा कान रानाकडे करून. घंट्या दूर गेल्या तसा त्याचा चालण्याचा वेग कमी झाला. मग ऐकू यायच्या थांबल्या असाव्यात, कारण त्याने मान सरळ केली.

पाळीच्या वळणाशी तो दिसेनासा झाला. आखर रिकामा झाला होता. तिथे फारूक उभा होता, आणि खुंट्याला बांधलेली चांदीची वासरी, लटारू गेला त्या वाटेकडे कान टवकारून.